शिडाची नौका आणि लांब पल्ल्याचा रेडिओ

शाहूवाडी तालुक्याला समुद्रकिनारा नाही. तरीही विशाळगड-आंबा या बाजूच्या कड्यावरून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, आणि रेडिओच्या हिशेबात एवढे अंतर फार नाही. हा हिशेब कुणालाही करता येतो. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला ४.१२ने गुणायचे. उत्तर येते ते किलोमीटरमधले रेडिओ-क्षितिज. कड्याची उंची समुद्रसपाटीपासून ९०० मीटर धरली तर वर्गमूळ ३० येते आणि क्षितिज सुमारे १२४ किलोमीटर. समोरून येणाऱ्या शिडाच्या नौकेची डोलकाठी १६ मीटर उंच असेल, तर तिचे स्वतःचे क्षितिज साडेसोळा किलोमीटर. दोन्ही मिळून १४० किलोमीटर. म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आत असलेल्या नौकेची हाक या कड्यापर्यंत पोहोचायला भौतिकशास्त्राची काही हरकत नाही.

हीच नौका आपल्यासारख्या दुसऱ्या नौकेशी बोलू लागली की दोन्हीकडची उंची १६ मीटरच असते आणि पल्ला ३३ किलोमीटरवर येतो. मासेमारीच्या होडीवर चार मीटरच्या काठीला अँटेना बांधलेली असेल, तर अशा दोन होड्यांचा पल्ला सोळा किलोमीटर. तांडेल ज्याला नुसते ‘वायरलेस’ म्हणतो तो बहुतेक वेळा व्हीएचएफ सेट असतो. त्याच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, पृथ्वी मात्र वाकत जाते. पाच वॅटच्या हातातल्या सेटऐवजी पंचवीस वॅटचा बसवलेला सेट घेतला तर आवाज स्वच्छ येईल, पण क्षितिज पुढे सरकणार नाही. ते फक्त उंचीने सरकते, आणि नौकेवर उंची डोलकाठीपुरतीच असते.

किनारा धरून मुंबई ते गोवा जाणाऱ्या नौकेला एवढा पल्ला बहुधा पुरतो. या प्रकरणातली नौका त्या तेहतीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर जाऊन आठवडे न् आठवडे तिथेच राहणारी आहे. तिने कोणता रेडिओ घ्यावा?

या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास मुंबईत सागवानात बांधलेल्या एका नौकेपासून सुरू होतो. तिचे नाव ‘सुहेली’. लांबी अवघी बत्तीस फूट. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. त्याच्याकडे लांब पल्ल्याचा रेडिओ होता, पण तो वाटेतच निकामी झाला. नोव्हेंबर १९६८मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो दिसला, त्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ तो जिवंत आहे की नाही हे जगाला ठाऊक नव्हते. एप्रिलमध्ये अझोर्स बेटांच्या परिसरात एका तेलवाहू जहाजाला त्याने दिव्याची उघडझाप करून आपली ओळख पटवली, तेव्हा कुठे घरी निरोप पोहोचला. नौका टिकली, माणूस टिकला, रेडिओ टिकला नाही. खारे पाणी, ओल आणि सततचे हेलकावे यांपुढे विजेचे उपकरण पहिल्यांदा हार मानते. म्हणून सेट निवडताना त्याच्या क्षमतेइतकाच तो बसवायच्या जागेचा विचार करावा लागतो.

आता लांब पल्ल्याच्या रेडिओची लहर कशी जाते ते पाहू. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींना एचएफ म्हणतात, आपण जुन्या रेडिओवर त्यांना शॉर्टवेव्ह म्हणत आलो. जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशामुळे विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर असतो, त्याला एफ थर म्हणतात. एचएफ लहरी तिथे वाकतात आणि पुन्हा जमिनीकडे येतात. अशी एक झेप जास्तीत जास्त चार हजार किलोमीटरपर्यंत जाते. समुद्रावर आपटून ती पुन्हा वर उसळली की दुसरी झेप सुरू होते. १९२७ साली पुण्याजवळच्या खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांतून भारत आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली ती याच झेपांच्या आधारावर. खडकीहून संदेश जायचा आणि दौंडला यायचा. त्या काळी या कामाला उंच मनोरे आणि मोठमोठी यंत्रे लागत. आज तेच काम जेवणाच्या डब्याएवढा सेट करतो, आणि आकाशातला थर मात्र तोच आहे.

या झेपेचा एक परिणाम नवख्याला चकवतो. समजा, रत्नागिरीपासून शंभर किलोमीटर आत असलेली नौका भर दुपारी १४ मेगाहर्ट्झवर बोलते आहे. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या माणसाने त्याच वेळी सेट लावला तर त्याला बहुधा काहीच ऐकू येणार नाही. दुबईतला माणूस मात्र तिच्याशी आरामात बोलत असेल. लहर मलकापूरच्या डोक्यावरून निघून जाते. जवळची सरळ लाट मधल्या डोंगराने आणि पृथ्वीच्या वाकाने अडते, वरून परतणारी शेकडो किलोमीटर पुढे उतरते, आणि मधला पट्टा मुका राहतो. त्याच नौकेने ७ मेगाहर्ट्झवर येऊन लहर जवळजवळ उभी आकाशात पाठवली, तर ती वरून पावसासारखी खाली येते आणि मलकापूर, कोल्हापूर, सांगली सगळीकडे पोहोचते. पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडतात आणि मोबाईलचे मनोरे गप्प होतात, तेव्हा डोंगराळ तालुक्यात हौशी रेडिओचालकांना हीच उभी लहर उपयोगी पडते. तिला डोंगर अडवू शकत नाही.

दिवस आणि रात्र यांचाही फरक पडतो. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर आणखी एक थर तयार होतो. तो खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी वाकवत नाही, गिळून टाकतो. म्हणून ४ मेगाहर्ट्झ दुपारी जवळपासच चालते आणि रात्री हजार किलोमीटरवर जाते. १२ आणि १६ मेगाहर्ट्झ दिवसा हजारो किलोमीटर जातात, पण रात्री एफ थर विरळ झाला की बऱ्याचदा बंद पडतात. ८ मेगाहर्ट्झ या दोन्हींच्या मधले, आणि समुद्रावर सर्वांत जास्त वापरात असलेले. सूर्यावर डाग वाढले की वरच्या फ्रिक्वेन्सी खुलतात, मोठा सौरस्फोट झाला की दिवसा उजेडात असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर एचएफ काही मिनिटे ते तास-दोन तास गप्प होते. मे २०२४च्या सौरवादळात लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला. त्या दिवसांत जगभरच्या एचएफ संपर्कातही खंड पडत होता.

म्हणजे एचएफ सेट विकत घेणाऱ्याने एखादी फ्रिक्वेन्सी विकत घेतलेली नसते. त्याने दिवसाच्या तासाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय विकत घेतलेली असते, आणि ती वापरायला शिकणे हे त्याचे काम असते. हे शिकायची तयारी नसेल, तर पैसे वाचवावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात सेट बघायला गेलेला माणूस वॅट विचारतो. सागरी एचएफ सेट साधारण १५० वॅटचा असतो, हौशी रेडिओवाल्यांचा साधारण १०० वॅटचा. या दोन आकड्यांतला फरक कानाला जेमतेम कळतो. पल्ला ठरतो तो सेटच्या डब्याबाहेर.

आधी अँटेना घेऊ. ८ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७ मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे नऊ-सव्वानऊ मीटरची उभी तार, ही तिची नैसर्गिक अँटेना. नौकेवर एवढी तार आधीच तयार असते. डोलकाठीच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत ताणलेला पोलादी दोर, म्हणजे बॅकस्टे. त्याच्या वर आणि खाली विद्युतरोधक बसवला की मधला दोर अँटेना होतो. पण ४ मेगाहर्ट्झला तो फार आखूड आणि २२ला फार लांब, म्हणून त्याच्या पायथ्याशी स्वयंचलित ट्यूनर बसवतात, जो दर वेळी सेट आणि तार यांचे जुळवून देतो. ट्यूनर आणि दोर यांना जोडणारी वायरही अँटेनाचाच भाग असते. ती डेकवरच्या लोखंडी कठड्याला चिकटून नेली तर ताकद कठड्यात जाते, आणि प्रक्षेपण चालू असताना तिला हात लागला तर चटका बसतो.

मग जमिनीचा प्रश्न. उभ्या तारेच्या अँटेनाला दुसरा अर्धा भाग लागतो, तो तिला पायाखालून मिळतो. आंब्याच्या बाजूला जांभ्याच्या पठारावर अशी तार उभारून पाहणाऱ्याला काय होते ते माहीत आहे. उन्हाळ्यात कोरडा पडलेला जांभा वीज फारच कमी वाहू देतो, सेटमधून निघालेली बरीच ताकद दगड तापवण्यात जाते, आणि जमिनीवर दहा-वीस तारा पसराव्या लागतात तेव्हा कुठे काम चालते. समुद्राचे पाणी साध्या शेतजमिनीच्या सुमारे हजारपट चांगले वाहक आहे. त्याच्यावर उभी केलेली तीच तार तेवढ्याच वॅटमध्ये क्षितिजाला लगटून जाणारी लहर सोडते, आणि दूरच्या झेपेला हीच उतरती लहर हवी असते. पठारावरचा १०० वॅटचा सेट आणि नौकेवरचा १०० वॅटचा सेट यांची तुलनाच होऊ शकत नाही. निसर्गाने नौकेला दिलेला हा सर्वांत मोठा फायदा आहे.

तो फायदा घ्यायचा तर ट्यूनरची जमीन पाण्याशी जोडलेली हवी. फायबरच्या नौकेचे कवच स्वतः वीज वाहत नाही. म्हणून तांब्याच्या रुंद पट्ट्या आतून कवचाला चिकटवतात. पातळ फायबरच्या पलीकडे पाणीच असते, आणि एवढ्या जवळिकीतून उच्च वारंवारतेचा प्रवाह पाण्यात उतरतो. पट्टी रुंद हवी, कारण असा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. गोल जाड वायरपेक्षा कागदासारखी पातळ पण रुंद पट्टी बरी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली, तीही लाकडी गाभ्यावर फायबर चढवलेली. त्या छप्पन्न फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरांना थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मे २०१०मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये कुठेही न थांबता तोच प्रवास केला. अशी नौका बांधून होण्याच्या आत पट्ट्या चिकटवणे सोपे असते. लाकडी फळ्या, पलंग आणि पाण्याच्या टाक्या बसल्यानंतर तेच काम महिन्याचे होते. नवी नौका बांधून घेणाऱ्याने हा एक मुद्दा कारागिराला पहिल्या दिवशीच सांगावा.

तिसरी बाब बॅटरीची. १५० वॅटचा सेट जोरात बोलताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ३० अँपिअर ओढतो. वायर बारीक किंवा लांब असेल आणि तिचा रोध ०.०३ ओहम भरला, तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो, आवाज फाटतो आणि समोरचा माणूस सेटला दोष देतो. नुसते ऐकायलाही दोन-तीन अँपिअर लागतात. चोवीस तास कान उघडा ठेवायचा म्हटले तर दिवसाला पन्नास अँपिअर-तासांच्या वर खर्च होतो, म्हणजे दोनशे अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चौथा हिस्सा. सौर पट्ट्यांनी हा खर्च भागतो, पण सौर पट्टीचा नियंत्रक, फ्रीज, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे मिळून कमालीची खरखर करतात. शाहूवाडीतल्या एखाद्या वस्तीवर रात्री वीज गेलेली असताना शॉर्टवेव्ह लावून बघा आणि वीज आल्यावर तोच कार्यक्रम पुन्हा लावा. खरखर किती वाढते ते कळेल. नौकेवरची वीज आपल्याच हातात असते. ऐकायच्या वेळी एकेक यंत्र बंद करून दोषी शोधता येतो आणि त्याच्या वायरीवर फेराइटचे कडे बसवता येते.

आवाज पाठवण्याची पद्धतही समजून घ्यावी. आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन सारख्याच प्रती जातात. पूर्ण आवाजाच्या वेळीसुद्धा दोनतृतीयांश ताकद नुसत्या वाहकात जाते आणि उरलेली दोन प्रतींत वाटली जाते. एसएसबी पद्धतीत वाहक आणि एक प्रत गाळून टाकतात. सगळी ताकद एकाच प्रतीत आली की छोट्या बॅटरीवरूनही आवाज अर्ध्या जगापर्यंत जातो. सागरी संभाषणात नेहमी वरची बाजू वापरतात. हौशी लोक १० मेगाहर्ट्झच्या खाली खालची बाजू वापरतात. सेट चुकीच्या बाजूला राहिला तर पलीकडच्याला अगम्य गोंगाट ऐकू येतो.

सागरी सेट घ्यावा की हौशी, हा वाद नौकावाल्यांत जुना आहे. आयकॉमचा एम-८०३ किंवा त्याच्याआधीचा एम-८०२ हे सागरी सेट. त्यांची किंमत लाखांच्या घरात. यासूचा एफटी-८९१ किंवा आयकॉमचा ७३०० हे हौशींचे सेट बऱ्याच कमी पैशांत मिळतात, आणि ऐकण्याच्या बाबतीत मुळीच कमी नसतात. पण दोघांचा परवाना वेगळा, वापराचा हेतू वेगळा. हौशी रेडिओसाठी भारतात परीक्षा देऊन दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेकडून परवाना घ्यावा लागतो. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कुणीही ती देऊ शकतो. या परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही, सागरी पट्ट्यांवर बोलता येत नाही. सागरी परवान्यात नौकेला स्वतःचा नऊ आकडी ओळखक्रमांक मिळतो, भारतीय नौकांचा तो ४१९ने सुरू होतो, आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते. हौशी लोकांचा एक मोठा फायदा असा की ते स्वभावानेच ऐकत असतात. हिंदी महासागरात संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर हाक दिली तर बेंगळुरूत, कोलंबोत, पर्थमध्ये कुणीतरी घरच्या टेबलाशी बसलेला असण्याची शक्यता बरीच.

माझा कौल तरीही सागरी सेटकडे जातो, आणि कारण एकच, त्यातले लाल बटण. त्याला डीएससी म्हणतात. बटण दाबले की नौकेचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ यांचा एक लहानसा सांकेतिक संदेश ४, ६, ८, १२ आणि १६ मेगाहर्ट्झवरच्या राखीव फ्रिक्वेन्सींवर जातो. ८ मेगाहर्ट्झची ती फ्रिक्वेन्सी ८४१४.५ किलोहर्ट्झ. अशा संदेशासाठी मोठी जहाजे आणि किनाऱ्यावरची बचाव केंद्रे स्वयंचलित यंत्राने रात्रंदिवस कान देऊन असतात. पन्हाळ्याहून निसटलेले शिवाजी महाराज १६६०मध्ये विशाळगडावर पोहोचल्यावर तोफांचे बार झाले आणि खिंडीत बाजीप्रभूंना निरोप कळला, असे परंपरा सांगते. तोफेच्या आवाजात शब्द नव्हते. अर्थ आधीच ठरलेला होता, म्हणून एवढ्या गोंधळातही तो पोहोचला. डीएससीचे बळ तेच आहे. वाऱ्यात आणि खरखरीत माणसाचा आवाज हरवतो, तिथे हा ठरलेला संदेश पोहोचतो. हौशी सेटमध्ये तो नसतो.

पण एचएफची मर्यादाही तितकीच खरी आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या माणसाच्या अनुभवातून कळते. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, ‘सुहेली’च्या काळातल्या साधनांनीच प्रवास करायचा अशी अट होती. जीपीएस बंद लखोट्यात, हवामान आणि गप्पा एचएफवर. अभिलाष टॉमी ‘तुरिया’ घेऊन उतरले होते. ही नौका ‘सुहेली’च्या आराखड्यावर गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर, वादळात ती पूर्ण उलटून पुन्हा सरळ झाली आणि डोलकाठी मोडली. पाठीच्या मणक्याला जबर दुखापत झालेले टॉमी आपल्या जागेवरून हलू शकत नव्हते. जगाशी संबंध राहिला तो उपग्रहावरून छोटे लेखी निरोप पाठवणाऱ्या एका लहान यंत्राने. भारतीय नौदलाच्या विमानाने मॉरिशसहून उड्डाण करून नौका शोधली आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. बॅकस्टेची अँटेना डोलकाठीबरोबरच जाते. सर्वांत जास्त गरज असते त्या घटकेला ती नसते. त्याच टॉमींनी पुढे २०२२-२३च्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला.

म्हणून जिवाच्या हाकेसाठी एचएफवर एकटे अवलंबून राहू नये. त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, ज्याला ईपर्ब म्हणतात, तो सगळ्यात आधी घ्यावा. तो उपग्रहाला हाक देतो, आपल्या भागातली हाक बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात येते आणि तिथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा श्री विजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) बचाव केंद्राकडे जाते. त्याला डोलकाठी लागत नाही, बॅटरी त्याच्या पोटातच असते, आणि पाण्यात पडला तरी तो तरंगत बोलत राहतो. नोव्हेंबर २००९मध्ये फयान चक्रीवादळ कोकणावर आले तेव्हा बंदरापासून दूर गेलेल्या होड्यांना धोक्याचा निरोप कसा द्यायचा हाच मोठा प्रश्न होता, आणि अनेक मच्छीमार परतले नाहीत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये देशभरच्या एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. किनाऱ्याहून होडीला आणि होडीहून किनाऱ्याला लेखी निरोप देणारे हे यंत्र आहे. मोठ्या पल्ल्याची पहिली गरज कोकणच्या तांडेलाला होती, शिडाच्या नौकेतल्या प्रवाशाला ती नंतर लागली.

मग नुसता उपग्रह फोन का नाही? जगातले बहुतेक प्रवासी नौकावाले आज तोच रस्ता धरतात. २०१८मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इरिडियमला संकटसंपर्काची मान्यता दिली, आणि उपग्रह इंटरनेट आल्यापासून तर समुद्राच्या मध्यावरून चित्रफितीही पाठवता येतात. भारतात मात्र कायदा आड येतो. २६ नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर समुद्रातून आले आणि त्यांच्याकडे उपग्रह फोन होता. त्यानंतर नौकानयन महासंचालनालयाने २०१२च्या आदेशाने भारतीय हद्दीत थुराया आणि इरिडियम फोन वापरायला मनाई केली. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसेच यंत्र बाळगणाऱ्या परदेशी पर्यटकांना विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत, गोव्यातही. बीएसएनएलमार्फत इन्मारसॅटची परवानगी घेता येते. भारतातून निघणाऱ्या आणि भारतात येणाऱ्या नौकेने हा कागद आधी पाहावा, यंत्र नंतर.

कायद्याइतकेच मोठे आणखी एक कारण आहे. उपग्रह फोन एका माणसाशी बोलतो. एचएफवरची हाक पट्ट्यात कान देऊन बसलेल्या सगळ्यांना एकदम जाते. दोनशे किलोमीटरवरची अनोळखी नौका, मालवाहू जहाज, किनाऱ्यावरचा हौशी, सगळे ती ऐकतात, आणि मदत करणारा सहसा तुमच्या फोनच्या यादीत नसलेलाच असतो. हवामानाचेही तसेच. संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी नौका एकमेकींना आपापला वारा, दाब आणि लाट सांगतात. वीस नौकांनी असे सांगितले की एका वादळाची कड कागदावर काढता येते. हौशी परवान्यावर विनलिंक आणि सागरी परवान्यावर सेलमेल या सेवा एचएफवरूनच ईमेल नेतात. वेग अगदीच कमी, पण वाऱ्याच्या अंदाजाची काही किलोबाइटची फाईल यातून येते, आणि विनलिंकसाठी महिन्याचे बिल भरावे लागत नाही. विनलिंकवरून धंद्याचा मजकूर पाठवता येत नाही एवढे लक्षात ठेवायचे.

माझ्या मते निवड अशी पडते. किनारा धरून जाणाऱ्याने डोलकाठीच्या टोकावर चांगली व्हीएचएफ अँटेना, हातातला जलरोधक सेट आणि ईपर्ब घ्यावा. एचएफवर खर्च करू नये. लक्षद्वीप किंवा मालदीवपर्यंत जाणाऱ्याने निदान एचएफ ऐकण्याचा चांगला सेट घ्यावा, हवामानाच्या बातमीपत्रांसाठी. ओमान, सेशेल्स किंवा त्यापलीकडे जाणाऱ्याने डीएससी असलेला सागरी एचएफ, वेगळा ईपर्ब आणि परवानगी असेल तर उपग्रहाचा निरोप देणारे यंत्र, असे तिन्ही ठेवावे. पैसे अपुरे असतील तर सेट जुना घ्यावा, पण ट्यूनर, तांब्याच्या पट्ट्या आणि जाड वायर यांत काटकसर करू नये.

निघण्याआधी महिनाभर तरी सेट रोज चालवावा. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री प्रत्येक पट्ट्यावर कोण ऐकू येते ते वहीत लिहावे. समुद्रात हीच वही फ्रिक्वेन्सी निवडायला कामी येते. हे ऐकण्याचे काम शाहूवाडीतल्या माळावरूनही होते. झाडावर टाकलेली दहा मीटरची तार आणि शॉर्टवेव्ह ऐकणारा सेट एवढे पुरते. आकाशातला थर दुपारी कसा बसतो आणि रात्री कसा उठतो ते कानांना समजू लागते, आणि नौका घेणारा घाटावरचा असेल तर त्याने घरूनच सुरुवात करावी. नौकेवर दहा मीटर तार, दोन विद्युतरोधक आणि एक दोरी अशी राखीव अँटेना पिशवीत घालून खालच्या खणात ठेवावी. डोलकाठी गेली तर उरलेल्या बुंध्याला किंवा वल्ह्याला ती बांधून बोलता येते. आणि लाल बटणाचे झाकण कसे उघडायचे, किती सेकंद दाबून धरायचे, मग कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचे, हे नौकेवरच्या प्रत्येकाला, स्वयंपाक करणाऱ्यालासुद्धा, करून दाखवावे. जखमी होणारा माणूस सेटवाला स्वतःच असू शकतो.